शॉर्टबोर्ड कापून नीबोर्ड का होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: ६ फूट २ इंचाचा शॉर्टबोर्ड नुसता पडून आहे, उभं राहून सर्फिंग बंद झालंय, आता गुडघ्यावर बसून लाटा घ्यायच्या आहेत, तर त्याच बोर्डाची टेल, म्हणजे मागचं टोक, पाचेक इंच कापून वर जाड पॅड चिकटवलं तर नीबोर्ड म्हणून चालेल का? आणि नसेल चालणार तर दोघांत एवढा फरक तरी काय, शेवटी दोन्ही फोम आणि फायबरच्या फळ्याच की.

नाही चालणार. म्हणजे तरंगेल, एखादी सरळ लाट पण मिळेल, पण दोनचार दिवसांत तुम्ही वैतागून म्हणाल की गुडघ्यावर सर्फ करण्यात काही मजा नाही, आणि दोष बोर्डाचा असेल. मी दोन्ही प्रकारचे बोर्ड शेप करतो (फोम तासून आकार देतो) आणि स्वतः बहुतेक वेळ गुडघ्यावरच असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. (बोटीमागे दोरीला धरून ओढतात तो नीबोर्ड वेगळा बरं का, पट्टा असलेला, गुडघ्यांना खोल खड्डे असलेला. इथे फक्त लाटेवरच्या नीबोर्डबद्दल बोलतोय.)

सगळा फरक एकाच गोष्टीतून निघतो, वजन बोर्डावर कुठे पडतं आणि ते किती हलवता येतं. उभा सर्फर बघा. त्याचे दोन्ही पाय साधारण स्ट्रिंगरच्या, म्हणजे बोर्डच्या मधोमध लांबीत जाणाऱ्या पट्टीच्या, रेषेवर, एकामागे एक. मागचा पाय फिनच्या (बोर्डखालच्या सुकाणूसारख्या पात्यांच्या) वर किंवा किंचित पुढे, पुढचा पाय त्याच्याही अडीच फूट पुढे. वेग हवा असेल तर पुढच्या पायावर रेलतो, वळायचं असेल तर मागच्यावर बसतो, गरज पडली तर पाय सरकवतो. म्हणजे वजनाचा केंद्रबिंदू तो बोर्डच्या जवळजवळ अर्ध्या लांबीत मागेपुढे खेळवू शकतो. आता गुडघ्यावर बसलेला माणूस घ्या. पायात पोहायचे फ्लिपर, त्यांची पाती टेलच्या मागे लोंबतात, टाचांवर बूड टेकलेलं, गुडघे टेलपासून फार तर २० ते २४ इंचांवर. सगळं वजन त्या मागच्या दोन फुटांत. पुढे वाकून छाती नोजकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, नेता येते, मागे रेलता येतं, तेवढाच काय तो खेळ. चालणं नाही, पाय बदलणं नाही. बोर्डच्या पुढच्या साडेतीन-चार फुटांवर वजन म्हणून काहीच नाही.

मग ज्या जागी वजन बसलंय त्या जागी बोर्डला रुंदी पाहिजे, हे ओघानं आलंच. टेलची रुंदी आम्ही टेलच्या टोकापासून १२ इंच वर मोजतो. आजच्या नेहमीच्या शॉर्टबोर्डला ती १४ ते १५ इंच असते. नीबोर्डला १७ ते १९. मधली रुंदी शॉर्टबोर्डची १८.५ ते १९.५ आणि नीबोर्डची २२ ते २४. लांबी मात्र नीबोर्डची साडेपाच ते सव्वासहा फुटांत राहते, म्हणजे शॉर्टबोर्डएवढीच किंवा थोडी कमी. शॉर्टबोर्डवर गुडघे टेकून बसलात की होतं काय, की अरुंद टेल पाण्यात रुतते, नोज हवेत जातं आणि बोर्ड मागे ओझं लादलेल्या होडीसारखा पाणी ढकलत बसतो, प्लेन करतच नाही, म्हणजे पाण्यावर उचलला जाऊन घसरत नाही. तुम्ही पुढे वाकून नोज खाली आणता, मग वळायला मागे येता, परत टेल रुतते. हेच चालू राहतं.

आता तुमच्या कापायच्या बेताचं गणित करून बघू. समजा टेल १४.५ इंचाची आहे. पाच इंच कापले की नव्या टोकापासून १२ इंचावर जी रुंदी येईल ती आधी १७ इंचावर होती ती, साधारण साडेसोळा. बरं वाटतं ऐकायला. पण गुडघे येणार नव्या टोकापासून २२ इंचांवर, तिथे रुंदी फार तर १८ असेल, त्यातली दोन्ही बाजूंची दीडदीड इंच तर रेलची, म्हणजे कडेची, गोलाई. म्हणजे सपाट जागा उरली १५ इंच. शिवाय फिन आता टोकापासून सहाएक इंचांवर आल्या, मधली फिन तर कापलेल्या तुकड्यासोबतच गेली, आणि टेलचा जो वरचा वळसा होता, रॉकर, तो पण कचऱ्यात. जे उरेल त्याला वळवायला तुमच्याकडे काहीच साधन राहत नाही.

सपाट जागा किती लागते हे घरी मोजता येतं, आणि नवीन बोर्ड करायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावतो. मोठा पुठ्ठा जमिनीवर टाका, फ्लिपर घालून त्यावर गुडघे टेकून बसा, बूड टाचांवर, दोन मिनिटं तसंच बसा म्हणजे शरीर आपोआप आपली सवयीची जागा घेतं. मग कुणाला तरी पेन्सिलीनं दोन्ही गुडघ्यांची बाहेरची कड आणि पायाच्या बोटांची जागा आखायला सांगा. बाहेरून बाहेर हे माप बऱ्याच जणांचं १५ ते १८ इंचांत येतं, काहींचं जास्तही. आता उजव्या गुडघ्यावर भार टाका, मग डाव्या, आणि बघा गुडघा किती बाहेर सरकतो ते. ही जी बाहेरची रेघ आली तिच्यापलीकडे दोन्ही बाजूंना दीडदोन इंच धरा, ती तुमची त्या ठिकाणची रुंदी. आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर म्हणजे तुमचं पॅड कुठे सुरू होऊन कुठे संपणार ते. उंच माणसाची नडगी लांब, त्याचं वजन पुढे पडतं, त्याला तीच टेल थोडी अरुंद चालते, बुटक्याला नाही चालत. उभ्या बोर्डला उंचीचा एवढा थेट संबंध नसतो, तिथे वजन आणि कौशल्य बघून बोर्डचं आकारमान लिटरमध्ये ठरवतात आणि पुढे जातात.

रॉकरकडे वळू, कारण लोक रुंदीच्या मागे लागतात आणि हे विसरतात. उभ्या सर्फरकडे दोन स्प्रिंगा आहेत, त्याचे पाय. गुडघे दुमडायचे, सरळ करायचे, अंग वर उचलायचं, परत दाबायचं, असं करत तो लाटेच्या भिंतीवर वरखाली होऊन वेग तयार करतो, ज्याला पंपिंग म्हणतात. म्हणून त्याच्या बोर्डला भरपूर वळसा चालतो, नोजला पाचएक इंच, टेलला दोन-अडीच, कारण वळसा असलेला बोर्ड आपणहून हळू असतो पण तो त्याला पंप करून पळवतो आणि बदल्यात त्याला आखूड वळणं मिळतात. गुडघ्यावर बसलेल्याच्या स्प्रिंगा आधीच दुमडून ठेवलेल्या आहेत. धड थोडं वर उचलता येतं, हात झटकता येतात, पण त्यातून मिळणारा वेग फारसा नाही. मग वेग बोर्डातच पाहिजे. नीबोर्डच्या मधल्या भागात रॉकर सपाट ठेवतात, टेलचा वळसा दीडपावणेदोन इंचांच्या आसपास, आणि रुंद आखूड पृष्ठभाग. पाण्यावर घसरणारा पृष्ठभाग तेवढ्याच क्षेत्रफळात जितका रुंद आणि आखूड, तितका तो कमी वेगात लवकर उचलला जातो, हे बोटी बांधणाऱ्यांना पण माहिती असलेलं आहे. नीबोर्ड नुसता लाटेत सोडला तरी पळतो तो ह्यामुळे. शॉर्टबोर्ड नुसता सोडला तर थांबतो.

नोजचा रॉकर मात्र फार कमी करायचा नाही. नीबोर्डर उशिरा टेक-ऑफ घेतो, म्हणजे लाटेवर उशिरा स्वार होतो, पालथं पडलेल्या अवस्थेतून गुडघ्यावर यायला उभं राहण्यापेक्षा कमी वेळ लागतो आणि फ्लिपरची लाथ असते, त्यामुळे लाट अगदी तुटायला आली तरी तो जातो. त्या वेळी नोज खुपसलं तर संपलं. रुंद टेलची एक खोड अशी की ती मागून उचलते आणि नोज खाली दाबते, उभ्या माणसानं एवढी रुंद टेल घेऊन उभ्या भिंतीत उडी मारली तर बऱ्याचदा तो नोजवरून पुढे जातो. गुडघ्यावर बसलेल्याचं वजन मुळात मागे असल्यामुळे हे दोन्ही एकमेकांना कापतात. म्हणजे जी गोष्ट एकाला दोष ती दुसऱ्याला बरोबर बसते, असं ह्या विषयात सारखं होतं.

वळण्याचं पण तसंच. उभं राहून सर्फ करणारे मित्र माझा बोर्ड हातात घेतात आणि पहिलं वाक्य हेच, अरे हा वळणार कसा, हे तर दार आहे. त्यांच्या दृष्टीनं बरोबर आहे ते. उभ्या माणसाचा पाय मधल्या रेषेवर, तिथून तो बोटांनी किंवा टाचेनं दाबून रेल खाली घालतो. १८ इंची टेलवर त्याच्या बोटांपासून रेल कितीतरी लांब, जोर पोहोचतच नाही, बोर्ड आडमुठा वाटतो. गुडघेवाल्याचे दोन्ही गुडघे मधल्या रेषेपासून दोन बाजूंना, जवळजवळ रेलच्या वरच. उजवीकडे वळायचं तर उजव्या गुडघ्यावर भार टाक, झालं. शिवाय हातानं रेल पकडून सगळं अंग आत झोकता येतं. एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही तो म्हणजे समोर तोंड करून बसल्यामुळे फ्रंटसाइड आणि बॅकसाइड (लाटेकडे तोंड की पाठ) हा प्रकारच उरत नाही, डावी लाट आणि उजवी लाट सारखीच. उभ्या सर्फरच्या बोटांची बाजू आणि टाचेची बाजू कधीच सारखी नसते, त्यावरून दोन बाजूंना वेगळी आउटलाइन असलेले असिमेट्रिक बोर्ड पण निघाले. नीबोर्डला त्याची गरजच नाही.

पण शरीराचा भार पाण्यापासून फार वर नसल्यामुळे एक तोटा आहे. उभ्या माणसाला उंचीचा लिव्हर मिळतो, थोडं कलंडलं की बराच जोर रेलवर येतो. बसलेला माणूस स्थिर असतो, पण त्याला बोर्ड कलवायला तेवढा लिव्हर नाही. म्हणून रुंद टेलच्या बॉटमला, म्हणजे तळाला, थोडा व्ही घालतात (मध्ये उंचवटा, दोन्ही रेलकडे उतार), शेवटच्या फूटभरात एक अष्टमांश ते पाव इंच, म्हणजे बोर्ड एका रेलवरून दुसऱ्या रेलवर सहज लोळतो. शॉर्टबोर्डमध्ये आज बहुतेक सिंगल कॉन्केव्हमधून डबल कॉन्केव्ह (पुढे एक उथळ पन्हळ, मागे शेजारी शेजारी दोन) अशी बॉटम असते. नीबोर्डलाही पुढे हलका कॉन्केव्ह आणि मागे व्ही किंवा व्हीतच डबल कॉन्केव्ह असं करतात. मी स्वतः मागे व्ही ठेवतोच, पूर्ण सपाट रुंद टेल वेगात थडथडायला लागते आणि मग धरवत नाही.

ह्या थडथडीचा आणि पकड न मिळण्याचा सगळ्यात सुंदर उपाय १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला स्टीव्ह लिसनं काढला, फिश नावाचा बोर्ड. आज जो तो उभं राहून फिश चालवतो आणि बऱ्याच जणांना माहितीच नाही की तो मूळ गुडघ्यावर बसायचा बोर्ड आहे. विचार असा: बसायला आणि फ्लिपर ठेवायला टेल रुंद पाहिजे, पण भिंतीत पकड पाहिजे तर टेल निमुळती पाहिजे, मग रुंद टेलच्या मध्ये खोल खाच मारा, दोन निमुळत्या टेल शेजारी शेजारी. वळताना ज्या बाजूला कलंडाल त्या बाजूची छोटी टेल पाण्यात बसते आणि धरते, सरळ जाताना दोन्ही मिळून रुंद टेलचं काम करतात. दोन्ही टोकांवर एकएक लांब बुडाची कील फिन. १९७२ ची जागतिक स्पर्धा सॅन डिएगोलाच झाली, ती हवाईच्या जिमी ब्लेअर्सनं फिशवर जिंकली, आणि उभं राहून. गुडघ्यावरचं डिझाइन उभ्यांकडे असं गेलं. पण जाताना ते बदललं, उभ्यांच्या फिशची टेल हळूहळू अरुंद होत गेली, मध्ये जाडी आली. त्यामुळे दुकानात "फिश" म्हणून जे मिळतं ते सगळं गुडघ्याला चालेलच असं नाही, माप बघा, नाव नको.

फिनचा मुद्दा ह्याच्याशीच जोडलेला आहे. रुंद टेल कलंडली की मधली रेष पाण्याच्या वर उचलली जाते, मध्यभागी एकच फिन असेल तर ती ऐन वळणात हवेत येते आणि टेल सटकते. टेल जितकी रुंद तितक्या फिन रेलजवळ न्यायला लागतात. म्हणून नीबोर्डवर ट्विन कील (दोन कील फिन) किंवा क्वाड (चार फिन), ही दोन उत्तरं जास्त दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननं १९८१ मध्ये तिथल्या बेल्स बीचची स्पर्धा थ्रस्टरवर, म्हणजे तीन फिनच्या बोर्डवर, जिंकली आणि मग उभ्यांचं सगळं जग तीन फिनवर गेलं, कारण त्या अरुंद टेलवर मागच्या पायाखाली मधली फिन म्हणजे वळायचा खुंटा, त्याच्यावर पाय ठेवून गिरकी घ्यायची. गुडघेवाल्याला मागचा पाय नाही, खुंट्यावर दाब द्यायला काही नाही. तीन फिनचे नीबोर्ड असतात, चालतातही, मोठ्या पोकळ लाटेत मधली फिन भरवसा देते हे खरं, पण रोजच्या लाटेत मला तरी मधली फिन ब्रेकच वाटते. क्वाडमध्ये पुढच्या दोन फिन वजनाच्या जवळ, मागच्या दोन रेलला धरून, मध्ये पाणी मोकळं निघून जातं, वेग टिकतो. आणि जागा: शॉर्टबोर्डवर पुढच्या फिनची मागची कड टोकापासून अकराएक इंचावर असते, तेच माप डोळे झाकून नीबोर्डला लावू नका, तुमच्या गुडघ्यांपासून फिन किती मागे राहतात ते बघा. फार मागे गेल्या तर बोर्ड रुळावर चालल्यासारखा सरळ जातो, फार पुढे आल्या तर टेल घसरत राहते. अर्धा इंच इकडेतिकडे केलं तरी स्पष्ट कळतं, म्हणून पहिल्या बोर्डला पुढेमागे सरकणारे फिन बॉक्स घ्यावेत असं माझं मत आहे.

फिनचा विषय निघाला की जॉर्ज ग्रीनोचं नाव घ्यावंच लागतं. १९४१ चा जन्म, कॅलिफोर्नियात सँटा बार्बराचा माणूस, गुडघ्यावर आणि हवेच्या गादीवर सर्फ करायचा. १९६० च्या दशकात त्यानं स्पून नावाचा बोर्ड बनवला. नाव आकारावरून, मागचा भाग चमच्यासारखा खोलगट, फोम फक्त नोजकडे आणि रेलच्या कडेनं, बाकी मधला आणि मागचा भाग नुसता फायबरग्लासचा पातळ पत्रा. तो जेमतेम तरंगायचा, थांबलेल्या पाण्यात माणूस जवळजवळ बुडालेलाच. पण वेग आला की तो पत्रा वळणात वाकायचा आणि बाहेर पडताना परत उसळायचा. म्हणजे दुमडलेल्या पायांच्या स्प्रिंगेचं काम त्यानं बोर्डच्या टेलकडून करून घेतलं, माझ्या मते ह्या विषयातली सगळ्यात मोठी कल्पना तीच. फिन पण त्यानं ट्यूनासारख्या जोरात पोहणाऱ्या माशांच्या शेपटीवरून घेतली, उंच, मागे झुकलेली, बुडाशी रुंद आणि टोकाला लवचीक. तेव्हाच्या लांब जड बोर्डांना जी भलीमोठी फिन असायची तिच्यापुढे ही अगदीच बारीक. ऑस्ट्रेलियात बॉब मॅकटॅव्हिश आणि नॅट यंग हे सर्फर ग्रीनोला लाटेवर बघत होते, आणि १९६६ मध्ये सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत नॅट यंग जिंकला तेव्हा त्याच्या ९ फूट ४ इंची बोर्डखाली ग्रीनो धाटणीची फिन होती. दोन वर्षांत उभ्यांचे बोर्ड भराभर आखूड झाले. म्हणजे "नीबोर्ड म्हणजे शॉर्टबोर्डचा छोटा भाऊ" हे जे लोक म्हणतात ते इतिहासात तर उलटंच आहे.

तरी पहिला बोर्ड म्हणून स्पून घेऊ नका. ताकदवान, लांब, स्वच्छ लाट लागते त्याला, मऊ लाटेत तो बुडतो आणि तुम्ही फक्त लाथा मारत राहता.

आता डेक, म्हणजे बोर्डचा वरचा पृष्ठभाग. हे उभ्या बोर्डवाल्यांना सहसा सुचतच नाही. शॉर्टबोर्डचा डेक घुमटासारखा असतो, मध्ये जाड आणि रेलकडे उतरता, म्हणजे मध्ये फोम राहतो आणि रेल पातळ होते. त्या घुमटावर गुडघे टेकले तर दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला घसरतात, मांड्या सतत आवळून धराव्या लागतात, अर्ध्या तासात मांडीच्या आतला स्नायू बोलायला लागतो. नीबोर्डला डेक सपाट पाहिजे किंवा किंचित खोलगट. पण डेक सपाट केला की फोम रेलपर्यंत तसाच जाडा जातो आणि रेल डब्यासारखी चौकोनी होते, अशी जाड रेल पाण्यात घालायला जड. ह्याचे मार्ग दोन. एक, सपाट डेक ठेवून कडेला वरून तिरका छाट द्यायचा, आत जाडी आणि कडेला धार, आजचे बरेचसे नीबोर्ड असेच. दुसरा, गुडघ्याखालचा फोम खरवडून खोलगट करायचा, मग माणूस खाली बसतो, पाण्याच्या जवळ येतो, बोर्डचं वळणं खूप थेट जाणवतं.

दुसरा मार्ग छान वाटतो पण त्याची किंमत आहे. फोमच्या दोन्ही बाजूंना फायबरग्लास अशा सँडविचचा कडकपणा ढोबळमानानं मधल्या जाडीच्या वर्गात बदलतो. अडीच इंचातून अर्धा इंच खरवडला तर उरले दोन, जाडी गेली फक्त एक पंचमांश पण कडकपणा गेला एक तृतीयांशाहून जास्त, आणि तो पण बरोबर तिथे जिथे सगळं वजन आदळतं. टेल थोडी वाकावी म्हणून कुणी मुद्दाम करत असेल तर गोष्ट वेगळी, पण ग्लासिंग (फायबरग्लासचे थर चढवणं) नेहमीचंच ठेवलं तर खोलगट भागाच्या पुढच्या कडेला आडवी चीर पडते, मी दुरुस्तीला आलेले असे बोर्ड बघितलेत, चीर नेहमी त्याच जागी, गुडघ्यांच्या किंचित पुढे. हलक्या शॉर्टबोर्डच्या डेकला ४ औंसाच्या ग्लास कापडाचे दोन थर भागतात. नीबोर्डच्या डेकला मी ६ औंस आणि ४ औंस, आणि गुडघ्यांखाली वेगळा ६ औंसाचा पॅच देतो जो पुढे खोलगट भागाच्या कडेपलीकडे जातो आणि तिथे सरळ न संपता वाकडा कापलेला असतो, म्हणजे एका रेषेत ताण जमत नाही. वजन वाढतं, वाढू द्या, गुडघ्याखालचं वजन जाणवत नाही, नोजमधलं जाणवतं. पॅड पाहिजेच, ५ ते १० मिलिमीटरचं, पण पॅडनं बोर्ड वाचत नाही, गुडघे वाचतात.

लिटर किती, हे सगळे विचारतात. ६ फूट बाय १८.७५ बाय २.३७५ चा शॉर्टबोर्ड २८ लिटरच्या आसपास येतो, आणि ६ फूट बाय २३ बाय २.६ चा नीबोर्ड ३८ च्या आसपास. ऐकून लोक घाबरतात की एवढा फुगीर बोर्ड डकडाइव्ह (येणाऱ्या लाटेखालून बोर्डसकट बुडी) कसा होणार. होतो, कारण फ्लिपर आहेत, एक लाथ मारली की खाली जातो, आणि रुंदी पसरलेली आहे. पण ह्या दोन आकड्यांची तुलना करूच नका, त्या ३८ मधला मोठा वाटा मागच्या अर्ध्यात आहे, तो बसलेल्या माणसाला उचलायला आहे.

फ्लिपरमुळे लांबीला पण वरची मर्यादा येते, हे विसरू नका. पॅडल करताना तुम्ही पालथे, छाती बोर्डवर, आणि लाथ मारायची तर पाय टेलच्या मागे पाण्यात पाहिजेत. बोर्ड लांब झाला की एकतर तुम्ही इतके मागे सरकता की नोज वर येतं, नाहीतर पाय बोर्डवर येऊन पाती हवेत फडफडतात. लांब बोर्ड म्हणजे सोपं पॅडल हा उभ्यांचा नियम इथे एका मर्यादेनंतर उलटा होतो. छातीखाली रुंदी पाहिजे म्हणून नीबोर्डचं नोज पण भरलेलं असतं, शॉर्टबोर्डसारखं टोकदार नाही, वजन नसलेल्या त्या पुढच्या भागाचं पॅडल करताना तेवढं काम असतंच. लीश (बोर्ड अंगाला बांधून ठेवणारी दोरी) घोट्याला बांधली तर फ्लिपरमध्ये गुंतते, म्हणून अनेक जण ती मनगटाला किंवा दंडाला बांधतात आणि ती अडकवायचा प्लग टेलवर न ठेवता डेकवर पुढे बसवून घेतात. हे शेपरला ग्लासिंगच्या आधी सांगायचं असतं, नंतर भोक पाडत बसायला लागतं.

मोठ्या, ताकदवान, पोकळ लाटेसाठी मी वर दिलेली मापं जशीच्या तशी धरू नका. तिथे लाटच एवढा वेग देते की रुंद टेलची गरज कमी होते आणि पकडीची वाढते, टेल १६-१७ पर्यंत खाली आणतात, लांबी दोनतीन इंच वाढते, टेलचा रॉकर थोडा वाढतो. म्हणजे नीबोर्ड शॉर्टबोर्डच्या दिशेनं सरकतो, पण गुडघ्याखालची सपाट जागा कमी होत नाही, ती कापायला जागाच नाही.

तर तुमचं काय करायचं. ६ फूट २ इंची बोर्ड कापू नका, धड असेल तर विकून टाका, कुणाला तरी उभं राहायला उपयोगी पडेल. पैसे घालायच्या आधी चव घ्यायची असेल तर एखादा रुंद फिश कुणाकडून मागून घ्या, साडेपाच ते पावणेसहा फूट, मध्ये २१.५ इंचाहून जास्त, टेल १२ इंचावर १७ तरी, कील फिनवाला, आणि फ्लिपर घालून दोनतीन वेळा जाऊन या. मजा आली तर वापरलेला नीबोर्ड शोधा, आणि घेताना डेकवर अंगठा फिरवत गुडघ्यांच्या जागेच्या पुढे दाबून बघा, तिथे मऊ लागलं किंवा पॅडच्या कडेखालून पिवळा डाग बाहेर आलेला दिसला तर पाणी आत गेलेलं आहे, घेऊ नका. नवीन करून घ्यायचा असेल तर तो पुठ्ठा गुंडाळून शेपरकडे घेऊन जा, सोबत तुमचं वजन, फ्लिपर कोणते ते, आणि तुम्ही जिथे जाता ती लाट मऊ की उभी एवढं सांगा. लांबी त्याला ठरवू द्या.